कोंबाला शिक्षा, बरणीला माफी

लसणाला कोंब आला की तो विषारी होतो, हे हल्ली इतक्या ठामपणे सांगितले जाते की पुरावा मागणेसुद्धा उद्धटपणाचे वाटावे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा इशारा लाल ठशात फिरतो, आरोग्याच्या पुरवणीत चौकटीत छापून येतो आणि स्वयंपाकघरातल्या युक्त्या सांगणारी मंडळी तो हसतहसत सांगून पुढच्या युक्तीकडे वळतात. पुढची युक्ती ठरलेली असते: कोंब येऊ नयेत म्हणून लसूण फ्रिजमध्ये ठेवा. त्याच्या पुढची तर त्याहून लाडकी. रविवारी बसून किलोभर लसूण सोला, काचेच्या बरणीत भरा, वरून बुडेल इतके तेल ओता. महिनाभर बघायला नको.

या तिन्ही सल्ल्यांना माझी हरकत आहे, पण सारख्याच जोराची नाही. पहिला निराधार आहे. दुसरा उलटा आहे, म्हणजे जे टाळायचे तेच घडवून आणणारा. तिसरा मात्र क्वचित का होईना, जिवावर बेतू शकतो. आणि आपल्या घरांतून बिचाऱ्या कोंबाची रवानगी कचऱ्याच्या डब्यात होते, तर तेलाची बरणी ओट्यावर दिमाखात मिरवते. भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. ते जरा सविस्तर म्हणतो.

कोंबाची भीती आली कुठून? माझा संशय बटाट्यावर आहे. बटाट्याला कोंब फुटले, साल हिरवी पडली की त्या भागात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही द्रव्ये वाढतात. ती पोटात जास्त गेली तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि उकडल्याने ती फारशी कमीही होत नाहीत. त्यामुळे बटाट्याचे डोळे कोरून काढणाऱ्या, हिरवा बटाटा बाजूला टाकणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच होत्या. घोटाळा पुढे झाला. बटाटे, कांदे आणि लसूण एकाच टोपलीत राहतात म्हणून एकाचा गुन्हा तिघांच्या नावावर लागला. वास्तविक बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला आणि ही द्रव्ये त्या कुळाची खासियत. लसूण कांद्याचा भाऊबंद. त्याची सगळी शस्त्रे गंधकाची आहेत. पाकळी ठेचल्यावर नाकात जातो तो वास म्हणजेच ती शस्त्रे. कोंब फुटला म्हणून त्याच्यात सोलॅनिन कुठून तरी येऊन बसत नाही. बटाट्यातला हिरवा रंग हा उजेड लागल्याचा, म्हणून धोक्याचा इशारा असतो. लसणातला हिरवा रंग म्हणजे निव्वळ पान. तेच पान थंडीत जुडी बांधून बाजारात येते तेव्हा आपण ‘पातीचा लसूण’ म्हणून भाव न करता घेतो आणि त्याचा ठेचा भाकरीवर घालतो.

त्यातही विसंगती अशी, की मटकीला मोड आले नाहीत तर आपण हळहळतो. मोड म्हणजे पौष्टिक, कोंब म्हणजे विषारी, ही वाटणी कोणत्या शास्त्राने केली?

ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी एक साधी गोष्ट करावी. अगदी ताजा, घट्ट, कोंबाचा मागमूस नसलेला गड्डा घ्यावा, त्यातली एक पाकळी सोलावी आणि सुरीने उभी चिरावी. मधोमध, बुडाच्या बाजूला, फिकट पिवळसर रंगाची एक बारीक जीभ दिसेल. तोच कोंब. तो बाहेरून आलेला नाही. पाकळी तयार झाली तेव्हापासून आत आहे. पाकळी म्हणजे फळ नव्हे, बी तर नव्हेच. तो एक डोळा आहे, ज्याचे एक पान जाड होऊन शिधा साठवून बसले आहे. वरचे पापुद्र्यासारखे साल हेसुद्धा पानच, फक्त राखणदारीचे. त्या दोघांच्या आत वाढायची वाट पाहणारे तिसरे पान. शेतीचे अभ्यासक पाकळी अशीच उभी चिरतात, कोंबाने तिच्या लांबीचा किती हिस्सा व्यापला ते मोजतात आणि त्यावरून लसूण किती जागा झाला ते ठरवतात. म्हणजे ‘मी कोंबाचा लसूण खात नाही’ असे म्हणणाऱ्याने आजवर कोंबासकटच लसूण खाल्ला आहे. फरक इंचाचा आहे, जातीचा नाही.

मग तो वाढायला लागतो कधी? इथे दुसरा सल्ला आडवा येतो. लसूण हे रब्बीचे पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळ्या टोचायच्या, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढणी. काढल्यावर गड्डा काही महिने सुप्तावस्थेत जातो आणि भर उन्हाळ्याची कोरडी उष्णता त्याला झोपवून ठेवते. खेड्यात पातीसकट वेण्या घालून आढ्याला टांगलेल्या जुड्या एप्रिल-मेच्या तापात खुशाल राहतात, त्याचे कारण हेच. उन्हाळा सरतो, हवेत ओल येते, पुढे रात्री गार होऊ लागतात आणि लसणाला वाटते, पेरणीचे दिवस आले. त्याचा हिशोब चुकत नाही; आपलाच चुकतो. सप्टेंबरात आपण बाजारातून ‘ताजा’ म्हणून आणतो तो लसूण, मंदसौर-नीमचकडचा असो की आपल्याकडचा, निदान पाच-सहा महिन्यांपूर्वी जमिनीतून निघालेला असतो.

लसणाला कोंब फुटायला सगळ्यांत सोयीचे तापमान म्हणजे साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस आणि आसपासचे. घरातल्या फ्रिजचे तापमान किती असते? तेवढेच. त्यात भाजीच्या कप्प्यातला दमटपणा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला घाम. कोंब टाळायला म्हणून लसूण फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे त्याला हाताने थंडीचा मोसम आणून देणे. बाहेर काढला की तर तो जोमानेच वाढतो. यावर कोणी म्हणेल, शीतगृहात व्यापारी लसूण महिनोन्‌महिने ठेवतातच की! ठेवतात. पण शून्याच्या आसपास किंवा त्याच्या किंचित खाली, आणि हवेतली आर्द्रता ६० ते ७० टक्के राखून. तिथे कोंबाची वाढ थंडीनेच गोठते. घरचा फ्रिज त्या शीतगृहाची छोटी आवृत्ती नाही. लसणाच्या दृष्टीने तो नेमका मधला, नको तो प्रदेश आहे.

कोंब ही व्यापाराची डोकेदुखी आहे, हे मी नाकारत नाही. कोंब पाकळीतलाच शिधा खातो, पाकळी सुरकुतते, वजन घटते, गिऱ्हाईक नाक मुरडते. म्हणून तर भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. गॅमा किरणांची अगदी छोटी मात्रा दिली की कांद्याच्या आतल्या वाढत्या टोकाच्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब येत नाही. पण हा खटाटोप साठवणुकीतली नासाडी वाचवण्यासाठी आहे, खाणाऱ्याला कुठल्या विषापासून वाचवण्यासाठी नाही. उलट राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातून निघालेले भीमा ओंकार, भीमा पर्पलसारखे वाण लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. लसणाचे बियाणे म्हणजे पाकळीच. ती वेळेवर कोंबली नाही तर रडायची पाळी त्याची.

चवीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी प्रामाणिकपणे मान्य करतो. कोंब लांब आणि हिरवा झाला की त्याला किंचित कडवटपणा येतो आणि पाकळीचा गोडवा उतरतो. फ्रान्समधले स्वयंपाकी पाकळी उभी चिरून तो कोंब सुरीच्या टोकाने उचलून टाकतात, ते याच कारणासाठी. तुम्ही कच्चा लसूण वाटून दह्यात किंवा एखाद्या सॅलडवर घालणार असाल तर तुम्हीही टाका. पण फोडणीत, रश्शात, मटणाच्या वाटणात तो कडवटपणा शोधून दाखवणारी जीभ मला अजून भेटायची आहे. आणि कोंब काढून टाकणे वेगळे, पाकळी फेकणे वेगळे, अख्खा गड्डा फेकणे आणखी वेगळे. २०२४ मध्ये लसूण किलोला ४०० रुपयांवर गेला होता तेव्हाही हिरवे टोक दिसले म्हणून गड्डेच्या गड्डे कचऱ्यात गेले असतील, याची मला खात्री आहे.

‘पण सावधगिरी बाळगली तर बिघडले कुठे?’ हा या वादातला सर्वांत सभ्य आणि सर्वांत फसवा प्रश्न. बिघडते ते असे, की नजर कोंबावर खिळली की बाकीचे दिसत नाही. पाकळी बोटाने दाबली तर दबते आहे का, पिवळट, पाणचट डाग पडलेत का, सालाखाली निळसर-हिरवी किंवा काळी भुकटी आहे का, आंबूस वास येतो का, हे पाहायला हवे. लसूण खराब झाल्याच्या खुणा या. निळसर भुकटी ही बहुधा पेनिसिलियम जातीची बुरशी, काळी ती अ‍ॅस्परजिलसची. असल्या पाकळीचा ‘चांगला भाग’ कापून वापरायच्या फंदात पडू नये. मी पाहिले आहे, घट्ट पांढऱ्या पाकळीतला इवलासा कोंब बघून ती फेकणारा हात शेजारच्या, कोंब नसलेल्या पण मऊ पडलेल्या पाकळीची बुरशी पुसून ती सहज वाटणात टाकतो. आणखी एक गैरसमज इथेच आटपून घेतो. लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये घातलेला लसूण कधीकधी निळा-हिरवा पडतो आणि घरात हाहाकार उडतो. ती गंधकाच्या संयुगांची आणि आम्लाची करामत असते. उत्तर चीनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवून लसूण मुद्दाम पाचूसारखा हिरवा करतात आणि नववर्षाच्या सुमारास आवडीने खातात.

आता बरणी.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा एक जिवाणू मातीत असतो. लसूण मातीतच वाढतो, तेव्हा त्याचे बीजाणू सालावर, बेचक्यांत चिकटून येणे यात आश्चर्य नाही. एरवी ते निरुपद्रवी असतात, कारण या जिवाणूला प्राणवायू चालत नाही. त्याला जागा हवी हवाबंद, ओलसर, आम्ल नसलेली आणि फार थंड नसलेली. आम्लतेच्या मापावर ४.६ च्या वरचे, म्हणजे कमी आंबट अन्न त्याला मानवते. लसूण ६ च्या आसपास. सोललेल्या पाकळीत पाणी भरपूर. त्यावर तेल ओतले की हवा तुटली. ओट्यावर ठेवले की ऊब मिळाली. जिवाणूने मागितलेली एकेक गोष्ट आपण नीट ताटात वाढून दिली. मग तो जे विष तयार करतो ते ज्ञात विषांमधल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागते, जीभ जड पडते, गिळता येत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडतात. या सगळ्याचा घात असा, की बरणीला ना वाईट वास येतो, ना तेलाचा रंग पालटतो.

ही कल्पित भीती नव्हे. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात सोयाबीनच्या तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर राहिला आणि त्यातून ३६ माणसांना बॉट्युलिझम झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला त्याच प्रकारच्या लसणाने तिघे आजारी पडले. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने असल्या बाटल्यांत आम्ल घालणे सक्तीचे केले. कोंब आलेल्या लसणाने कोणी रुग्णालयात गेल्याचे असे एकही प्रकरण दाखवता येईल का? निर्णय तिथेच व्हायला हवा.

यावर मला हमखास ऐकवले जाते: ‘आमची आजी लोणचे तेलातच ठेवायची, वर्षभर खायचो, काही झाले नाही.’ आजीचे लोणचे टिकत होते, हे शंभर टक्के खरे. पण ते तेलामुळे नव्हे. त्यात लिंबाचा रस असतो किंवा कैरी, मुठीने मीठ असते, मोहरी असते. आंबटपणामुळे ते त्या ४.६ च्या पुष्कळ खाली जाते आणि मीठ पाणी ओढून घेते. तेलाचे काम वरच्या थरावर बुरशी येऊ न देणे, एवढेच. लोणच्यातून लिंबू आणि मीठ काढून घेतले तर उरते ते लोणचे नव्हे, व्हँकुव्हरची बरणी उरते. हल्ली रक्तदाबाच्या धास्तीने ‘कमी मिठाचे, बिनआंबटाचे’ लोणचे घालायची टूम निघाली आहे, ती मला म्हणूनच पसंत नाही. वडापावच्या लाल चटणीचे गणित आणखी वेगळे: परतलेला लसूण, सुके खोबरे, तिखट, मीठ. तिच्यात पाणीच जेमतेम, त्यामुळे ती कोरडी राहील तोवर टिकते. ओल्या मिरचीचा ठेचा मात्र या सवलतीत बसत नाही. वर तेल सोडले असले तरी तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

दुसरे उत्तर असे येते की लसूण स्वतःच जंतुनाशक आहे, पाश्चरनेच तसे नोंदवले होते. नोंदवले होते, १८५८ मध्ये. पण ज्या अ‍ॅलिसिनमुळे ते घडते ते अखंड पाकळीत नसतेच. पाकळी चिरडली, तिच्यातली दोन द्रव्ये एकमेकांना भेटली की मग ते तयार होते, आणि थोड्या वेळात विरूनही जाते. शिवाय व्हँकुव्हरचा लसूण चिरलेलाच होता. त्याच्या जंतुनाशकपणाने त्या ३६ जणांना काही वाचवले नाही.

तिसरे उत्तर त्यातल्या त्यात जोरदार आहे: ‘आम्ही तो लसूण फोडणीत घालतो, सगळे जळून जाते.’ अर्धे बरोबर. हे विष उष्णतेने मोडते. पदार्थ नीट काही मिनिटे उकळला तर ते निकामी होते. बीजाणू मात्र साध्या उकळीलाही दाद देत नाहीत, म्हणून आधी लसूण तळून मग तेलात ठेवला तरी सुटका नाही. आणि त्या बरणीतले तेल खरोखर प्रत्येक वेळी फोडणीतच जाते का? ते पावावर सोडले जाते, उकडलेल्या पास्त्यावर, भाजलेल्या पापडावर, कोशिंबिरीवर. ‘लसणीचे तेल’ म्हणून त्याचे कौतुक तर कच्चेच असते.

बॉट्युलिझम दुर्मीळ आहे, हे मान्य. मी बरणीवरून कोणाची झोप उडवू पाहत नाही. पण दुर्मीळ आणि खऱ्या धोक्याकडे काणाडोळा करून सर्रास आणि खोट्या धोक्यापायी अन्न फेकायचे, या हिशोबाला काय म्हणावे? करायचेच असेल तर सोललेला लसूण कोरड्या घट्ट डब्यात, तेलाविना, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा. जास्त असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. तिथे कोंबही येत नाही आणि जिवाणूही वाढत नाही. पाकळी थोडी मऊ पडते, फोडणीला काही फरक पडत नाही. तेलातच हवा असेल तर थोडासा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. विकतच्या आले-लसणाच्या पेस्टच्या पाकिटावर बारीक अक्षरात सायट्रिक किंवा अ‍ॅसिटिक आम्ल लिहिलेले असते, त्याला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडू नका. ते तिथे आहे म्हणून ती पेस्ट सुरक्षित आहे.

आणि आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडेही वळले पाहिजे, नाहीतर ते हा लेख आपल्या बाजूने वाटायला घेतील. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी पाच दिवस कोंबवलेल्या लसणाच्या अर्कात ताज्या लसणापेक्षा जास्त ऑक्सिडीकरणविरोधी क्षमता आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेवढ्यावर ‘कोंबाचा लसूण हृदयविकार रोखतो’ असे मथळे निघाले. प्रयोगशाळेतल्या नळीत अर्काने जे केले ते माणसाच्या धमनीत होईलच, असे त्या निष्कर्षातून निघत नाही. कोंब विष नाही, तसा तो औषधही नाही. तो लसूण आहे.

साठवणुकीबद्दल सांगण्यासारखे फार नाही, कारण लसणाच्या मागण्या थोड्या आहेत. कोरडी, हवा खेळती असलेली जागा; बांबूची टोपली किंवा जाळीची पिशवी; शेगडीपासून आणि मोरीपासून लांब; बटाट्यांच्या शेजारी नको, ते ओल सोडतात. गड्डा लागेल तसाच फोडावा, सुट्या झालेल्या पाकळ्या आधी वापराव्यात. घेताना हातात जड लागतो का, मान सुकलेली आहे का आणि बुडाच्या थाळीवर मुळांचे बारीक फुगवटे फुटू लागलेत का, हे बघावे. फुगवटे असतील तर तो आठवड्याभरात कोंब काढणार हे धरून चालावे आणि आधी तोच संपवावा. वर्षाची बेगमी करायची तर ती एप्रिल-मेच्या वाळलेल्या, पातीसकटच्या मालाची, आणि तीही ज्यांच्या घरात खरोखर कोरडे वारे फिरते त्यांनी. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर ती चैन नाही. तिथे पाव किलोच घ्यावा, संपला की पुन्हा पाव किलो.